दुसरी फेरी शेवटाकडून

बुफेचं नाव काढलं की हिरूतात्यांचं डोकं फिरायचं. खालापूरच्या एका हॉलमध्ये आमच्या ऑफिसातल्या कुणाच्यातरी बहिणीचं लग्न होतं. लोक हातात प्लेट घेऊन जिलबीच्या टेबलाशी ढकलाढकली करत होते. तात्या खांबाला टेकून बराच वेळ बघत राहिले आणि न जेवताच बाहेर आले.

"उबं राहून खायचं तर गोठा काय वाईट गं बाय? तितं निदान धनी येऊन पुढ्यात टाकतो."

मी तोवर चार जिलब्या हाणून मोकळी झाले होते, त्यामुळे मला बुफेची बाजू घेणं भाग होतं. "अहो तात्या, इथं ज्याला हवं तेवढं घेता येतं की!"

"हवं तेवडं कुनाला कळतं? शेजारच्यानं किती घेतलं ते बघून हवं व्हतं."

मी ते हसण्यावारी नेलं. आपल्याला वाटतं म्हातारी माणसं बोलायचं म्हणून बोलतात.

तात्या सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, पायजम्यावर बाहीचा बनियन, खांद्यावर कायम एक धुतलेला पंचा. मूळचे कडावच्या बाजूचे. घरी दोन म्हशी, थोडी भातशेती. पण पंचक्रोशीत ओळख होती ती वाढपी म्हणून. लग्न, बारसं, जयंतीचं जेवण, काहीही असो, आचारी नंतर ठरायचा, आधी हिरूतात्यांना निरोप जायचा. या कामाचे त्यांचे कायदे होते. एक, वाढताना ताठ उभं राहायचं नाही, पानापुढे कमरेत वाकायचं. दोन, जेवणारा "बास" म्हणेपर्यंत किंवा हात आडवा करेपर्यंत हलायचं नाही, मग मागे कितीही बोंबाबोंब होवो. आणि तिसरा कायदा सगळ्यात कडक होता. पहिली फेरी पंगतीच्या तोंडाकडून सुरू झाली, तर दुसरी फेरी शेवटाकडून. पुढारी बसलेला असो की नवरदेवाचा मामा, दुसऱ्या फेरीत बुंदीची परात आधी शेवटच्या पानाशीच जाणार. यावरून त्यांची एका आमदाराच्या माणसाशी वाजली होती म्हणे. तात्या फक्त म्हणाले होते, "सायेब, तुमची पाळी येनार हाय. पळून जात नाय बुंदी."

"पोट भरतं भातानं, मन भरतं फेरीनं," हे त्यांचं पालुपद. दिवसातून दोनदा तरी ऐकावं लागायचं.

मी त्यांना ओळखते ती माकडांमुळे. शिळफाट्याहून स्कूटी घेऊन मी ज्या नोकरीला जायची ते एक छोटं केंद्र होतं, डोंगराच्या पायथ्याशी. पर्यटनाच्या जागी साखळीला बांधून ठेवलेली, गाड्यांखाली सापडलेली, कुणीतरी हौसेनं पाळून मग सोडून दिलेली लाल तोंडाची माकडं तिथं आणत. त्यांना बरं करायचं, सांभाळायचं. आणि अनघा मॅडम त्यांचा अभ्यास करायच्या, रीतसर परवानगी घेऊन, माकडांना काही इजा न करता. माझं काम नोंदी ठेवायचं. मी भांडखोर आहे, पण अक्षर चांगलं आहे.

मॅडमचा प्रश्न असा होता: आपल्याला एखादी गोष्ट मिळाली की तिची किंमत डोक्यात कशी ठरते? त्यांनी फळ्यावर मेंदूचं चित्र काढून आम्हाला समजावलं होतं. मेंदूत काही जागा "मला काय मिळालं" ते बघतात, काही जागा "त्याला काय मिळालं" ते बघतात, आणि दोन्हींचा मेळ घालून मग माणूस, किंवा माकड, खूश व्हायचं की रुसायचं ते ठरवतं. म्हणजे दुधी भोपळ्याची फोड तीच, पण शेजारणीला शेंगदाणे मिळाले की ती फोड एकदम बेचव होते. निदान तसं व्हायला हवं. ते या माकडांत होतं का, हे मॅडमना बघायचं होतं.

तात्या तेव्हा केंद्राला दूध घालायला यायचे. कॅन खाली ठेवून फळ्याकडे बघत उभे होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ह्याला येवडं कशाला? पंगतीत बसा एकदा."

मॅडम हसल्या. पण खरी गंमत नंतर झाली. खाऊ देणारा जो माणूस होता तो माकडांना खिजवायचा, त्याच्या आधीचा घाबरून लांबूनच फेकायचा. मॅडमना हवा होता असा हात, जो दोन्ही माकडिणींना एकाच उंचीवरून, एकाच चालीनं, तोंड वाकडं न करता देईल. तात्यांनी एक दिवस त्या माणसाच्या हातातून वाटी काढून घेतली. "टाकू नको रं. पुढं कर हात. वाक जरा." स्वतः वाकले, जाळीतून फोड पुढे धरली आणि थांबले. माकडीण आली, तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, फोड घेतली. तात्या तरी वाकलेलेच. ती वळून गेल्यावर मग सरळ झाले. मॅडमनी तिथल्या तिथं त्यांना कामावर घेतलं.

दोन पिंजरे शेजारी-शेजारी, मध्ये जाळी. कागदावर माकडिणींना नंबर होते, पण तात्यांनी आठवड्यात नावं ठेवून टाकली. एक गुबगुबीत, ती पाटलीण. दुसरी हायवेच्या एका टपरीवरून सोडवून आणलेली, कमरेला दोरीचा वळ कायमचा उमटलेला, ती ठकी. ठकी तात्यांची लाडकी. हे त्यांनी कधी कबूल केलं नाही. "मला सगळ्या सारक्या," म्हणायचे, आणि ठकी शिंकली तरी मला येऊन सांगायचे.

खेळ साधा होता. माकडिणीनं लाकडी गोटी हातात आणून द्यायची, तिला खाऊ मिळायचा. कधी दोघींना दुधी. कधी एकीला दुधी, दुसरीला सोललेले शेंगदाणे. मी समोर बसून लिहायची: घेतलं, नाही घेतलं, फेकलं, पाठ फिरवली.

त्याच वर्षी दिवाळीत माझं स्वतःचंच एक माकड झालं. केंद्रानं सगळ्यांना भेटी दिल्या. मला स्टीलच्या डब्यांचा सेट, आणि हिशेबनीस देशमुखला मिक्सर! बोंबला! माझ्या घरी चांगला चालता मिक्सर होता आणि डबे मला खरोखर हवे होते. तरी चार दिवस मी देशमुखशी बोलले नाही. तात्यांनी चहाचा कप पुढे केला. वाकून, अर्थात.

"डबे वाईट हायेत का गं बाय?"

"नाहीत."

"देशमुखाला बी डबेच दिले असते तर?"

"तर काय, छानच आहेत की डबे."

"मंग तुज्या डब्यांची किंमत देशमुखानं कशी काय ठरवली?"

मी चिडले. "तुम्हाला सोपं आहे हो बोलायला. तुम्हाला नाही राग येत?"

"न यायला मी काय दगड हाय? मला चादर दिली नि वॉचमनला ब्लँकेट. दोन दिवस त्याच्या बिडीला काडी दिली नाय मी." आणि असे खो खो हसले की मलाही हसू आवरेना.

त्या हसण्यातच त्यांनी लहानपणची एक गोष्ट सांगितली. आठ वर्षांचे होते, आजोळच्या गावी. गावाचं नाव त्यांनी कधी सांगितलं नाही. यांच्या लोकांनी बाबासाहेबांच्या मागोमाग दीक्षा घेतली होती, घरातले देव गेले होते, पण गावजेवणात यांची पंगत होती तिथंच होती, गोठ्याच्या मागे, शेवटी. लाडू तिथपर्यंत येता येता संपायचे. परातीतला चुरा यायचा. पोर रडायला लागलं तेव्हा वडील म्हणाले, "गप बस. दुसरी फेरी आपल्याकडनं सुरू होनार हाय." पोर पानावर हात ठेवून बसून राहिलं. दुसरी फेरी आलीच नाही.

"बा खोटं बोलला," तात्या म्हणाले. "त्याचा काय दोष? पोराला काय सांगनार? मंग मी मोटा झाल्यावर वाढायला लागलो. म्हनलं, बा बोलला ते कुटंतरी खरं झालं पायजे."

मला त्यांच्या पायाला हात लावावासा वाटला होता. लावला असता तर त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या.

आता मुख्य घोटाळ्याकडे येते. मॅडमचा अभ्यास फसत चालला होता. सुरुवातीच्या दिवसांत ठकीनं पाटलिणीचे शेंगदाणे पाहून दुधीची फोड मॅडमच्या अंगावर भिरकावली होती. मॅडम केवढ्या खूश! पण महिन्याभरात सगळं थंड. पाटलिणीला शेंगदाणे, ठकीला दुधी, ठकी निमूट दुधी खायची. उलटं केलं तर पाटलीणही तशीच. मी पानंच्या पानं "घेतलं, घेतलं, घेतलं" लिहीत होते. दोन वर्षं झाली. मॅडमनी पिंजरे बदलले, वेळा बदलल्या, फळं बदलली. रात्री झोप नसायची त्यांना, डोळ्यांखाली काळं यायला लागलं होतं. हे काम जमलं नाही तर केंद्राकडे त्यांना ठेवून घ्यायला कारण उरणार नव्हतं.

आणि मग मला गटारीत टरफलं दिसली. शेंगांची टरफलं, पिंजऱ्यांमागच्या गटारीत, पाण्यानं फुगलेली. केंद्रात शेंगदाणे सोललेलेच यायचे. मग ही टरफलं कुठली? संध्याकाळी कॅमेरे बंद झाल्यावर पिंजरे धुवायला कोण जायचं, ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी आडून पाहिलं. तात्यांनी झाडू ठेवला, बनियनखालून पुडी काढली, आणि त्या दिवशी जिच्या वाट्याला दुधी आला होता तिच्यापुढे वाकले. ठकीच होती. शेंग सोलून एकेक दाणा. शेवटाकडून.

अहो, दोन वर्षं हा माणूस रोज दुसरी फेरी वाढत होता! दिवसा जिच्यावर अन्याय झाला तिचं संध्याकाळी फिटत होतं, आणि माकडिणींना ते पक्कं ठाऊक होतं. मग कशाला फेकतील दुधी?

मी गप्प बसले. एरवी पाचजणांना ऐकू जाईल अशी मी, तेव्हा दातखीळ बसली. सांगावं तर तात्यांची नोकरी जाते, न सांगावं तर मॅडमची. तीन आठवडे मी दोघांच्याही डोळ्याला डोळा भिडवला नाही. याची मला आजही लाज वाटते.

शेवटी एका दुपारी मॅडमनी हात टेकले. आम्ही तिघंच होतो, तात्या फरशी पुसत होते. मॅडम थकून म्हणाल्या, "संपवू या आता. लिहून टाकते, या माकडांना शेजारच्याला काय मिळालं याचा फरक पडत नाही."

तात्यांचा पोछा थांबला.

"काय लिवनार?"

"की यांना फरक पडत नाही, तात्या. मिळेल ते खातात."

"ठकीला फरक पडत नाय?" त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "मॅडम, असं लिवू नका. आमाला बी असंच म्हनायचे लोक. ह्यांना काय, ह्यांना कसं बी चालतं. ठकीला फरक पडतो. मी रोज बघतो तिचं तोंड." मग पोछा बादलीत टाकून ते सरळ उभे राहिले. "मीच घोळ घातला. सांजचं मी भरून देतो तिला. रोज. ती माज्या भरवशावर गप बसते."

तात्या गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. निदान माझ्याकडून नाही. मॅडम खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. आधी रागानं लाल झाल्या, दोन वर्षं गेली होती त्यांची, का होणार नाहीत? मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर दुसरंच काही यायला लागलं.

"म्हणजे ती फक्त आत्ताचा घास बघत नव्हती," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "देणारा कोण आहे, नंतर काय येणार आहे, हेही धरत होती. तात्या, पण हे असं नुसतं बोलून चालणार नाही. तपासायला हवं."

"तपासा की."

"त्यासाठी तुम्ही यायचं थांबलं पाहिजे. तिला दिसायचंसुद्धा नाही. माझं काम संपेपर्यंत."

तात्यांनी पंचा खांद्यावरून काढला, घडी घातली, परत खांद्यावर ठेवला. "जातो," म्हणाले. "लिवा मात्र. फरक पडतो म्हनून लिवा." पिंजऱ्याच्या बाजूला न वळता ते सरळ फाटकातून गेले. दुसऱ्या दिवसापासून दुधाचा कॅन त्यांचा पुतण्या फाटकाशी ठेवून जायला लागला.

खाऊ द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी वाकायची, थांबायची, सगळं तात्यांसारखं. पहिले तीन दिवस ठकीनं दुधी घेतला, खाल्ला, आणि पाच वाजता फाटकाच्या बाजूच्या जाळीशी जाऊन बसली. चौथ्या दिवसापासून घ्यायची पण खायची नाही. फोड मुठीत धरून फाटकाकडे बघत राहायची. अंधार पडायला लागला की मग खायची. सातव्या, आठव्या दिवशीही तेच. मी वहीत "घेतलं" लिहायची आणि घरी येऊन कारण नसताना नवऱ्यावर खेकसायची. नवव्या दिवशी तिनं फोड घेतली, माझ्या चष्म्यावर नेम धरून मारली आणि पाठ फिरवून कोपऱ्यात बसली. मॅडमना जे हवं होतं ते मिळालं. त्या रडत होत्या. आनंदानं की कशानं, मी विचारलं नाही.

पुढे काही महिने मॅडमचं काम चाललं. तात्या एकदाही आले नाहीत, पुतण्याकडून साधी चौकशीसुद्धा नाही. शब्द म्हणजे शब्द. मग उन्हाळ्यात त्यांच्या नातीच्या लग्नाचं आमंत्रण आलं. त्याच सुमारास मॅडमचं काम पूर्ण झालं होतं, त्यांना केंद्रात कायम केलं होतं, आणि त्यांनी माझ्याजवळ निरोप दिला होता: तात्यांना म्हणावं, आता खुशाल या.

विहारासमोर मांडव. बुफे नव्हता, हे सांगायला नकोच. सतरंज्या, पत्रावळ्या, वालाचं बिरडं, भात, बुंदी. आजोबा स्वतः वाढत होते, नवा कोरा पायजमा, खांद्यावर पंचा. मी आईबरोबर पंगतीच्या मध्यात बसले होते. पहिल्या फेरीला माझ्यासमोर वाकले तेव्हा मी मॅडमचा निरोप सांगितला. ते नुसते हसले. मग मला राहवलं नाही.

"तात्या, ती नऊ दिवस थांबली तुमच्यासाठी."

बुंदीचा डाव शेजारच्या पानावर तसाच राहिला. शेजारची बाई "बास, बास" म्हणत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"नऊ दिवस?"

"नवव्या दिवशी फेकली."

"मी आट वर्साचा व्हतो गं बाय," ते हळूच म्हणाले. "मला एका जेवनात कळलं व्हतं, बा खोटं बोलतोय. ती नऊ दिवस थांबली."

ते सरळ झाले. फेरी पुरी केली. मग शेवटच्या पानाशी जाऊन दुसरी फेरी सुरू केली, एक पान न चुकवता माझ्यापर्यंत आले, पुढे तोंडापर्यंत गेले, परात पुतण्याच्या हातात दिली आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"गाडी हाय ना तुजी? चल."

"अहो, नातीचं लग्न! तुम्ही जेवला पण नाहीत!"

"सगळ्यांना दोनदा वाढलं. एक पान राह्यलंय."

तेव्हा मला दिसलं, पायजम्याचा खिसा शेंगांनी फुगलेला होता. म्हणजे मी सांगायच्या आधीपासूनच.

स्कूटीवर ते माझ्या मागे खिशावर हात दाबून बसले. केंद्रात पोचलो तेव्हा चार-साडेचार झाले असतील. ठकी जाळीशीच होती. तिनं तात्यांना पाहिलं, लगेच ओळखलं, आणि चालत कोपऱ्यात जाऊन पाठ फिरवून बसली. मला वाटलं, आता हा म्हातारा कोसळणार.

ते कोसळले नाहीत. त्यांनी शेंग सोलली, दाणा तळहातावर ठेवला, जाळीपुढे कमरेत वाकले आणि हात पुढे करून थांबले.

मला निघायचं होतं, माझी आई मांडवात एकटी बसली होती. "तात्या, वेळ लागेल," मी म्हटलं. "जा तू," ते मान न वळवता म्हणाले. पुढच्याच आठवड्यात मला पनवेलला दुसरी नोकरी लागली, आणि त्या पावसाळ्यात तात्या गेल्याचं मला पुतण्यानं फोनवर कळवलं. त्यामुळे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हाच. फाटकाशी जाऊन मी स्कूटी चालू केली आणि मागे वळून बघितलं. तात्या तसेच वाकलेले होते, हात तसाच पुढे. ठकीची पाठही तशीच त्यांच्याकडे होती. फक्त ती कोपऱ्यात नव्हती. न वळता, पाठमोरीच, ती हातभर मागे सरकून आली होती.